पाच दिवसांची सुनावणी

अमेरिकेने १९३७ साली गांजावर बंदी घातली, पण कायद्यात बंदी हा शब्द कुठे येऊ दिला नाही. कायद्याचे नाव होते ‘मारिजुआना टॅक्स ॲक्ट’. नोंदणी केलेला डॉक्टर, औषधविक्रेता किंवा शेतकरी यांच्या व्यवहारावर औंसामागे एक डॉलर कर होता. नोंदणी नसलेल्या माणसाने माल घेतला तर हाच कर औंसामागे शंभर डॉलर. मंदीचे दिवस होते आणि कित्येक कामगारांची महिन्याची कमाई शंभर डॉलरपर्यंत पोहोचत नव्हती. हा कर कोणी भरावा अशी कायदा करणाऱ्यांची अपेक्षाही नव्हती. कर न भरता माल सापडला की पाच वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार डॉलरपर्यंत दंड, यासाठीच ती रचना होती.

हा आडमार्ग घेण्याचे कारण राज्यघटनेत होते. एखादी वस्तू जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवण्याचा अधिकार त्या काळच्या समजुतीप्रमाणे राज्यांचा होता, वॉशिंग्टनचा नव्हे. कर लावण्याचा अधिकार मात्र वॉशिंग्टनकडे होता. अर्थखात्याच्या वकिलांनी १९३४ मध्ये मशिनगनवर जबर कर लावून तिला बाजारातून हुसकावण्याचा प्रयोग केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च १९३७ रोजी तो कायदा वैध ठरवला आणि लगेच १४ एप्रिलला गांजाचे विधेयक प्रतिनिधिगृहात आले. मसुदा तयारच होता, वाट फक्त निकालाची होती.

या विधेयकामागचा मुख्य माणूस हॅरी ॲन्सलिंगर. अर्थखात्यातल्या अमली पदार्थ विभागाची, म्हणजे ‘फेडरल ब्यूरो ऑफ नार्कोटिक्स’ची स्थापना १९३० मध्ये झाली आणि त्याचे पहिले आयुक्तपद त्याला मिळाले. नेमणूक केली अर्थमंत्री अँड्र्यू मेलन यांनी, आणि ॲन्सलिंगरची पत्नी मेलन यांच्या नात्यातली होती. त्याआधी तो दारूबंदी खात्यात मोठ्या हुद्द्यावर होता. १९३३ मध्ये दारूबंदी उठली. त्या खात्याची हजारो माणसांची फौज कशी विरघळून गेली हे त्याच्या डोळ्यांसमोर होते. त्याच सुमारास मंदीमुळे त्याच्या स्वतःच्या विभागाच्या तरतुदीलाही कात्री लागली.

सुरुवातीची काही वर्षे ॲन्सलिंगरला गांजात रस नव्हता. रस्त्याच्या कडेला तणासारखी उगवणारी वनस्पती, ती कुठवर उपटणार? हा प्रश्न राज्यांनी आपापल्या कायद्याने सोडवावा असे त्याचे म्हणणे होते. दोन-तीन वर्षांत त्याचा सूर पालटला आणि त्याच्या कचेरीत खून, बलात्कार, वेडेपणाच्या कात्रणांचा साठा होऊ लागला. जुलै १९३७ च्या ‘अमेरिकन मॅगझिन’मध्ये सहलेखकासह लिहिलेल्या लेखात त्याने गांजाला तरुणाईचा मारेकरी म्हटले.

त्या साठ्यातले सर्वात गाजलेले प्रकरण फ्लोरिडातल्या टॅम्पा शहराचे. ऑक्टोबर १९३३ मध्ये व्हिक्टर लिकाटा नावाच्या तरुणाने आई, वडील, दोन भाऊ आणि बहीण यांना कुऱ्हाडीने ठार मारले. ॲन्सलिंगरने हे हत्याकांड गांजाच्या नावावर लिहिले आणि पुढे वर्षानुवर्षे तो त्याचा दाखला देत राहिला. ज्या डॉक्टरांनी लिकाटाला तपासले त्यांनी त्याला मनोरुग्ण ठरवले होते, घराण्यात वेडेपणाची परंपरा नोंदवली होती. त्यांच्या निदानात गांजा हे कारण नव्हते. निदान सरकारी कागदात राहिले आणि कुऱ्हाड वर्तमानपत्रात गेली. कायद्याच्या बाजूने लोकमत तयार झाले ते अशा ऐवजावर.

विधेयकाची सुनावणी प्रतिनिधिगृहाच्या अर्थविषयक समितीपुढे २७ एप्रिलला सुरू झाली आणि ४ मे रोजी संपली. प्रत्यक्ष कामकाजाचे दिवस पाच. तिथे कोण आले होते हे पाहिले की हितसंबंध म्हणजे काय हे उघड्या डोळ्यांनी दिसते. तेलबियांचे व्यापारी आले. रंग आणि व्हार्निशसाठी या झाडाच्या बियांचे तेल लागत असे, म्हणून बियांवर बंधन नको, हे त्यांचे गाऱ्हाणे. पाखरांच्या खाद्याचे व्यापारी आले. कबुतरांच्या दाण्यात या बिया मोठ्या प्रमाणावर पडत, त्यांना पर्याय नाही, असे त्यांनी सांगितले. समितीने सगळे नीट ऐकून घेतले. उगवण्याची शक्ती मारलेल्या बिया मोकळ्या ठेवाव्यात अशी दुरुस्ती झाली, आणि दोरखंडाच्या धाग्यासाठी लागणारे झाडाचे खोडही कायद्याबाहेर राहिले. व्यापाऱ्यांचे म्हणणे गैर नव्हते आणि त्यांना न्यायही मिळाला. पण जे लोक तुरुंगात जाणार होते त्यांच्यातला एकही त्या खोलीत नव्हता.

ते लोक कोण हे मात्र समितीला पुरते ठाऊक होते. नैर्ऋत्येच्या राज्यांत शेतमजुरीला आलेले मेक्सिकन आणि न्यू ऑर्लिन्ससारख्या शहरांतले कृष्णवर्णीय, त्यांत जॅझ वाजवणारे कलावंतही. एल पासो शहराने तर पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच गांजाविरुद्ध ठराव केला होता. मंदी आल्यावर मेक्सिकन मजूर नकोसे झाले, त्यांना गाड्यांत घालून सरहद्दीपार पाठवले जाऊ लागले. सुनावणीच्या कागदपत्रांत कोलोरॅडोतल्या अलामोसा गावच्या एका संपादकाचे पत्र दाखल केलेले आहे. गांजाची एक छोटी सिगारेट आमच्या भागातल्या स्पॅनिश बोलणाऱ्या हीन लोकांचे काय करते ते तुम्हाला दाखवता आले असते तर बरे झाले असते, अशा अर्थाचा त्यातला मजकूर. कायद्याच्या समर्थनार्थ सरकारी विभागाने सादर केलेला हा पुरावा आहे. वंशद्वेष शोधायला गुप्त दफ्तरे उघडावी लागत नाहीत, तो छापील कामकाजात आहे.

शेवटच्या दिवशी, ४ मे रोजी, डॉ. विल्यम वुडवर्ड साक्षीला उभे राहिले. ते डॉक्टर होते, कायदाही शिकलेले होते आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे कायदेविषयक सल्लागार म्हणून आले होते. त्यांची साक्ष मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा तिच्यातल्या साध्या प्रश्नांपुढे थांबतो. कैद्यांत गांजाचे व्यसन वाढले आहे म्हणता, मग तुरुंग खात्याचा माणूस आकडे घेऊन का आला नाही? शाळकरी मुले ओढतात म्हणता, मग बालकल्याण खात्याला आणि शिक्षण खात्याला का बोलावले नाही? सार्वजनिक आरोग्य खात्याचे मत कुठे आहे? वर्तमानपत्रांतल्या बातम्यांना पुरावा कसे म्हणायचे? हे विधेयक दोन वर्षे आतल्या आत तयार होत होते आणि वैद्यक व्यवसायाला त्याचा पत्ता नव्हता, अशी त्यांची तक्रार होती. ज्या औषधी कॅनाबिसचा अर्क डॉक्टर लिहून देत आले तीच ही ‘मारिजुआना’, हे कित्येकांना अगदी अखेरीस कळले. पुढे या वनस्पतीचे नवे औषधी उपयोग सापडू शकतात, ती वाट बंद करू नका, असेही त्यांनी सुचवले.

समितीने त्यांचे एकही म्हणणे खोडून काढले नाही. उलट सदस्यांनी त्यांच्याच अधिकाराची उलटतपासणी घेतली. तुम्ही किती डॉक्टरांच्या वतीने बोलता, मागच्या कायद्यांच्या वेळी तुमच्या संघटनेने काय केले, असे विचारत राहिले. मदत करायची असेल तर सूचना घेऊन या, चांगल्या कामात अडथळे आणू नका, असे त्यांना ऐकवले गेले.

जूनमध्ये विधेयक सभागृहापुढे आले. हे आहे तरी कशाबद्दल, असे विरोधी पक्षाचे नेते बर्ट्रंड स्नेल यांनी विचारले. बहुमताचे नेते सॅम रेबर्न म्हणाले की आपल्याला नीट माहीत नाही, मारिजुआना नावाच्या कशाशी तरी संबंध आहे, बहुधा तो काही अमली पदार्थ असावा. मेडिकल असोसिएशनचे मत घेतले का, असा प्रश्न एका सदस्याने केला. समितीतल्या एकाने उत्तर दिले की त्यांचे एक डॉक्टर आले होते आणि त्यांचा पूर्ण पाठिंबा आहे. वुडवर्ड यांचे नावही चुकवले आणि मतही उलटे सांगितले. नावनिशी मतनोंद न होताच विधेयक संमत झाले. सिनेटने सुनावणीला एक दिवस दिला. २ ऑगस्टला अध्यक्ष रूझवेल्ट यांची सही झाली आणि १ ऑक्टोबरपासून कायदा लागू झाला. १९४२ मध्ये अमेरिकेच्या अधिकृत औषधकोशातूनही कॅनाबिस गेले. त्याच वर्षी जपानने फिलिपाइन्स घेतल्यामुळे दोरखंडाच्या धाग्याची टंचाई पडली. तेव्हा ‘हेम्प फॉर व्हिक्टरी’ नावाचा चित्रपट काढून कृषिखाते शेतकऱ्यांना हेम्प, म्हणजे हेच झाड, पेरायला सांगत होते.

१९८५ मध्ये जॅक हेरर यांचे ‘द एम्परर वेअर्स नो क्लोद्स’ हे पुस्तक आले आणि या बंदीची एक वेगळीच कथा जगभर पसरली. तिच्यानुसार वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट याची कागदासाठीची जंगले, ड्युपॉन्ट कंपनीचे नायलॉन आणि मेलन यांची बँक या तिघांनी हेम्पच्या स्वस्त धाग्याच्या भीतीने मिळून बंदी आणली. कथा नेटकी आहे, खलनायक ठळक आहेत, गांजा खुला करण्याच्या चळवळीत ती आजही सांगितली जाते. पुराव्याच्या कसोटीला मात्र ती उतरत नाही. हर्स्ट हा कागदाचा प्रचंड ग्राहक होता आणि कॅनडातल्या कागद कंपन्यांचे देणे त्याच्या डोक्यावर होते. कागद स्वस्त झाला असता तर त्याचा फायदाच होता. नायलॉनने बाजारात प्रथम टक्कर दिली ती रेशमाला. हर्स्टच्या पत्रांनी गांजाविषयी भडक मजकूर छापला हे खरे, पण भडक मजकूर हा त्याचा रोजचाच धंदा होता.

रिचर्ड बॉनी आणि चार्ल्स व्हाइटब्रेड या कायद्याच्या दोन प्राध्यापकांनी सरकारी दफ्तरे चाळून या बंदीचा इतिहास लिहिला, तो १९७४ मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यात दिसते ते याहून साधे आणि मला त्याहून अधिक अस्वस्थ करणारे आहे. १९३७ पर्यंत बहुतेक राज्यांनी गांजाविरुद्ध कायदे केलेलेच होते, फारशी चर्चा न करता. समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्येच दाखवले होते की एखादे खाते स्वतःच एखाद्या नैतिक मोहिमेचे चालक होते आणि त्यातून त्याला काम, अधिकार आणि पैसा मिळतो. आपले अस्तित्व टिकवू पाहणारे खाते, वाचक मिळवू पाहणारी वर्तमानपत्रे, परक्या मजुरांवर चिडलेले मतदार आणि वाचायला वेळ नसलेले लोकप्रतिनिधी. एवढ्या भांडवलावर तो कायदा झाला, त्याला बंद दाराआडचा कट लागला नाही. कटाच्या गोष्टीत गुंतून पडलो तर या उघड्या गोष्टींकडे दुर्लक्ष होते, म्हणून ती गोष्ट सोडून द्यावी असे माझे मत आहे.

१९३७ च्या ४४ वर्षे आधी हाच प्रश्न आपल्याकडे विचारला गेला होता. मार्च १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटातले दारूविरोधी सदस्य विल्यम केन यांनी बंगालमधल्या गांजाच्या शेतीबद्दल आणि त्याच्या दुष्परिणामांबद्दल प्रश्न उपस्थित केला. सरकारने सात जणांचे ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सदस्यांत मुंबई इलाख्यातल्या पंचमहालचे कलेक्टर ओमनी होते आणि राजा शशीशेखरेश्वर रॉय, कंवर हरनामसिंग, लाला निहालचंद हे तीन भारतीय होते. कमिशनने प्रांतोप्रांती फिरून ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले. त्यांत अधिकारी आणि डॉक्टर होते, तसे गांजाची शेती करणारे, विकणारे आणि ओढणारेही होते. मुंबई इलाख्यात त्या काळी अहमदनगर जिल्हा गांजाच्या पिकासाठी ओळखला जाई, तेव्हा आपल्या भागातल्या माणसांचे म्हणणेही त्या खंडांत आहे.

कमिशनने केलेले सर्वात मोलाचे काम वेड्यांच्या इस्पितळांतले. गांजाने वेड लागते याचा आधार म्हणून वर्षानुवर्षे इस्पितळांचे आकडे दाखवले जात. कमिशनने एकेक प्रकरण पुन्हा तपासले. रुग्णाला पोलिस आणून सोडत, सोबतच्या कागदावर वेडाचे कारण लिहिण्याचा रकाना असे, आणि काहीच माहीत नसले की तिथे गांजा लिहून मोकळे होत. पुढे तोच शब्द वार्षिक अहवालाचा आकडा बनत असे. तपासणीअंती त्यातला मोठा भाग निराधार ठरला. माफक सेवनाने सामान्यतः अपाय होत नाही, अतिरेकाने होतो, आणि संपूर्ण बंदीची गरज नाही व ती हिताचीही नाही, असा निष्कर्ष १८९४ च्या सात खंडांच्या अहवालात आहे. कर, परवाने आणि विक्रीवर मर्यादा हा त्यांचा मार्ग होता.

इथेही हितसंबंध होताच आणि तो लपवण्यात अर्थ नाही. गांजाच्या अबकारीतून सरकारला उत्पन्न मिळत होते, बंदी न करण्याची शिफारस तिजोरीला सोयीचीच होती. रॉय आणि निहालचंद या दोन भारतीय सदस्यांनी वेगळे मत नोंदवले, त्यांना अधिक कडक धोरण हवे होते. ती मतेही अहवालातच छापली गेली. साक्षी, आकडे, विरोधी मत हे सगळे वाचकापुढे ठेवलेले असल्यामुळे आज १३० वर्षांनंतरही आपण कमिशनशी वाद घालू शकतो. १९३७ च्या कायद्याशी तसा वाद घालायला आधारच नाही, कारण त्यामागे तपासच नव्हता.

अमेरिकेत तपास नंतर झाला आणि तो दडपला गेला. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी न्यूयॉर्क ॲकॅडमी ऑफ मेडिसिनच्या मदतीने समिती नेमली. १९४४ च्या तिच्या अहवालाने गांजा आणि मोठे गुन्हे यांचा संबंध नाकारला, आणि गांजा माणसाला हेरॉइनकडे नेतो हेही नाकारले. ॲन्सलिंगरने अहवालावर सडकून टीका केली. १९३७ च्या सुनावणीत मिशिगनचे प्रतिनिधी जॉन डिंगेल यांनी त्याला नेमका हाच प्रश्न विचारला होता की गांजा ओढणारा पुढे हेरॉइनकडे वळतो का. तेव्हा त्याचे उत्तर नाही असे होते, ते वेगळ्या वर्गातले लोक आहेत असे तो म्हणाला होता. १९५० नंतर तोच माणूस संसदेला सांगू लागला की हेरॉइनची सुरुवात गांजातून होते. १९५१ आणि १९५६ च्या कायद्यांनी किमान शिक्षेची सक्ती आली, ती याच युक्तिवादावर. नुसता गांजा जवळ सापडला तरी पहिल्याच गुन्ह्याला किमान दोन वर्षे कैद होऊ लागली. ॲन्सलिंगर १९६२ पर्यंत त्या विभागाचा प्रमुख राहिला.

कराचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये रद्द केला. कर भरायला जाणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे, हे कारण. लगेच १९७० चा नवा कायदा आला आणि गांजा सर्वात कडक यादीत बसला, तोही चौकशी आयोगाचा अहवाल येईपर्यंत, असे म्हणत. आयोगाचे अध्यक्ष रेमंड शेफर हे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्याच पक्षाचे, पेनसिल्व्हेनियाचे माजी गव्हर्नर. मार्च १९७२ मध्ये त्यांनी सांगितले की स्वतःपुरता गांजा बाळगणे गुन्हा मानू नये. आयोग काहीही म्हणो, आपण मोकळीक देणार नाही, असे निक्सन यांनी आधीच जाहीर केले होते. तात्पुरती म्हटलेली यादी पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकली. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या २०१३ च्या अहवालाप्रमाणे गांजा वापरण्याचे प्रमाण जवळपास सारखे असूनही कृष्णवर्णीयांना त्यासाठी अटक होण्याची शक्यता गोऱ्यांच्या ३.७ पट होती.

२०१२ मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्यांनी मतदानाने गांजा खुला केला, २०१८ मध्ये कॅनडाने. तेव्हापासून त्या समितीच्या खोलीत नवे व्यापारी आले आहेत. कॅनडाच्या गांजा कंपन्यांत दारूच्या धंद्यातल्या कॉन्स्टेलेशन ब्रँड्सने चार अब्ज डॉलर ओतले आणि सिगारेट बनवणाऱ्या अल्ट्रियाने १.८ अब्ज. कोवळ्या वयातले सेवन आणि आजचा अतिशय तीव्र माल यांचा मनोविकारांशी असलेला संबंध संशोधनात पुढे येत आहे, आणि अशा वेळी ग्राहक वाढवणे हेच ज्यांचे काम त्यांच्या शब्दावर विसंबणे ही बंदीवाल्या खात्यावर विसंबण्याइतकीच घोडचूक ठरेल. वुडवर्ड यांचे प्रश्न दोन्ही बाजूंना विचारावे लागतील.

भारतावर बंदी आली ती बाहेरून. १९२५ च्या जिनिव्हा परिषदेत इजिप्तने गांजा-चरसाचा विषय लावून धरला तेव्हा हिंदुस्थानच्या प्रतिनिधीने इथल्या सामाजिक आणि धार्मिक चालीरीतींकडे लक्ष वेधून सावध भूमिका घेतली. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने पाने आणि बिया व्याख्येतून वगळल्या, त्यामुळे भांग सुटली. वैद्यकाबाहेरचा वापर थांबवायला मात्र त्या कराराने २५ वर्षांची मुदत घातली. त्या करारातले बंधन पाळायला १४ नोव्हेंबर १९८५ पासून आपल्याकडे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा लागू झाला. १८९४ च्या अहवालाच्या तोडीची कोणतीही चौकशी त्याआधी झाली नाही. आज उत्तर प्रदेश, राजस्थानात सरकारी परवान्याने भांग विकली जाते आणि त्याच झाडाचा शेंडा, म्हणजे गांजा, वीस किलोच्या वर सापडला तर किमान दहा वर्षे सक्तमजुरी आहे. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भांग, गांजा किंवा चरस वर्षभरात घेतलेले भारतीय ३.१ कोटी आहेत.

२ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगात, जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीवरून, गांजाला अतिघातक पदार्थांच्या यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला. भारताने बाजूने मत दिले. आपल्या कायद्यातले गांजाचे कलम त्यामुळे बदललेले नाही. बदलावे की नाही, हे ठरवण्याआधी सरकारने एक आयोग नेमावा. त्याने तुरुंग, मनोरुग्णालये, पोलिस ठाणी आणि खेड्यापाड्यांत जाऊन साक्षी घ्याव्यात, १८९३ प्रमाणे विरोधी मतांसह सगळे छापावे, आणि या वेळी ज्यांना शिक्षा होते त्यांनाही साक्षीला बोलवावे.